नावापुरती नगरसेविका

ॲव्हरिल टॉमलिनला नाही म्हणता येत नाही, हे ऑल्डरविकमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चर्चच्या जत्रेला केक कुणी करायचे? ॲव्हरिलनं. सुट्टीवर गेलेल्या शेजाऱ्यांच्या मांजराला खायला कुणी घालायचं? ॲव्हरिलनं. बोलिंग क्लबाच्या वार्षिक सभेत सगळे भांडून भांडून दमले की चहा कुणी आणायचा, हे तर विचारायचंच कारण नाही. साठी उलटलेली, अंगानं भरलेली बाई. प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढता वाढता तिचे केस पांढरे झाले. पोरं तिला भ्यायची नाहीत. हेडमास्तरीण मात्र थोडी भ्यायची, कारण ताटात वाटाणे टाकलेले ॲव्हरिलला खपायचे नाहीत, मग ताट कुणाचंही असो.

पण म्हणून ती अगदीच गरीब गाय होती असं कुणी समजू नये. मनातल्या मनात ती पुष्कळ बोलायची. शाळेत असताना नेटबॉलच्या संघात तिला कायम राखीव ठेवत. राखीव म्हणजे काय, तर बाकीच्यांचे कोट सांभाळायचे. पुढे लग्न झालं, नवरा केन ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर, मग त्याचं आजारपण, मग तो गेलाही. उभ्या जन्मात तिला कुणी कशासाठी निवडलं म्हणून नव्हतं. कामाला बोलावणं निराळं आणि निवडणं निराळं, एवढं तिला कळत होतं.

अशा बाईकडे मार्च महिन्यात कॉलिन प्रॉक्टर आला. कॉलिन म्हणजे विरोधी पक्षाचा गावातला चिटणीस, निवृत्त भूगोल मास्तर, केनचा जुना बोलिंगचा जोडीदार. कौन्सिलची निवडणूक मेच्या पहिल्या गुरुवारी. प्रत्येक वॉर्डात पक्षाचं नाव दिसलंच पाहिजे असा वरून हुकूम, आणि उभं राहायला माणूस मिळेल तर शपथ. मग दरवेळी काय करतात, तर कुणाची मावशी, कुणाचा मेहुणा असा कोणीतरी धरतात, त्याची सही घेतात आणि नाव छापून मोकळे होतात. त्या माणसानं प्रचार करायचा नाही, पत्रकं वाटायची नाहीत, मोजणीलाही यायचं नाही. फक्त हरायचं. आणि हरायला काय अक्कल लागते?

ॲव्हरिलनं विचारलं, "विल्फच्या विरुद्ध?"

"अगं, विल्फला तिथून प्रत्यक्ष देवसुद्धा हलवू शकायचा नाही," कॉलिन म्हणाला. "म्हणून तर तुला विचारतोय. तुला काडीचा त्रास नाही."

तिनं सही केली. नाही म्हणता येत नाही, हे खरंच. पण आपलं नाव कुठंतरी छापलेलं दिसणार, याची एक बारीकशी गुदगुलीही तिला झाली होती. ती तिनं लगेच दाबून टाकली.

आता विल्फ कोण, ते सांगायला हवं. मिलगेट वॉर्ड म्हणजे विल्फ गार्साइड आणि विल्फ गार्साइड म्हणजे मिलगेट वॉर्ड, असं इतकी वर्षं चाललं होतं की तो कोणत्या पक्षाचा हेही लोक विसरले होते. केस काळे होते तेव्हा तो पहिल्यांदा निवडून आला, आता टक्कल पडलं होतं. बायको एडना गेल्यापासून माणसाला दुसरं काही उरलंच नव्हतं. सकाळी उठायचं, टोपी घालायची आणि वॉर्डात फेरी मारायची. कुणाची कचऱ्याची पेटी उचलली नाही, कुणाच्या दारापुढचा फुटपाथ उखडलाय, कुणाच्या आईला वृद्धाश्रमात जागा हवी आहे. दर शनिवारी सकाळी तो वाचनालयात कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसायचा आणि लोक रांगेनं येऊन आपली गाऱ्हाणी सांगायचे.

आणि ॲव्हरिलवर तर त्याचे उपकार होते. केनला जिना चढवेना तेव्हा तळमजल्याचं घर मिळावं म्हणून हाच विल्फ घरवाटपाच्या कचेरीत जाऊन बसला होता. साहेब म्हणाला, उद्या या. विल्फ म्हणाला, मी उद्यापर्यंत इथंच बसतो, एडनाला तसं सांगूनच आलोय. त्या घरात केननं शेवटचे दोन उन्हाळे बागेत बसून काढले. पुढं एडनाही गेली आणि विल्फ रविवारी दुपारी ॲव्हरिलकडे जेवायला येऊ लागला. भाजलेलं मांस, बटाटे, रस्सा. येताना परसातल्या रूबार्बच्या आंबट दांड्यांची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. त्यात तसलं काही नव्हतं. दोन एकट्या माणसांना एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो, इतकंच.

उमेदवारीचं तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो तोंडातला बटाटा सांभाळत हसला. म्हणाला, "कुणीतरी उभं राहायलाच हवं बाई, नाहीतर निवडणूक कसली? उपरा कोणी येण्यापेक्षा तू बरी." तिचा जीव भांड्यात पडला. मतदानाच्या दिवशी ती शाळा सुटल्यावर स्काउटांच्या शेडमधल्या मतदान केंद्रात गेली, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली. कागदावर विल्फचं नाव होतं आणि त्याखाली तिचं स्वतःचं, अगदी पूर्ण, ॲव्हरिल जोन टॉमलिन. ते तिनं दोनदा वाचलं. मग विल्फच्या नावापुढे मताची फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली आणि घरी येऊन चहा केला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी ती कढईएवढ्या पातेल्यातून कस्टर्ड वाढत होती, तेव्हा कॉलिनचा फोन आला. त्याचा आवाज ऐकून तिला आधी वाटलं, कुणीतरी गेलं. "आहेस तशी ये," तो म्हणाला. "क्रीडासंकुलात. तुझं आणि विल्फचं अगदी खेटून चाललंय." तिनं डाव शेजारी उभ्या दानुताच्या हातात दिला. दानुता म्हणजे तिच्याबरोबर काम करणारी पोलिश मुलगी, तशी चाळिशीची, पण ॲव्हरिलला मुलगीच. दानुतानं विचारलं, काय झालं? ॲव्हरिल म्हणाली, काही नाही, चूक झाली आहे काहीतरी.

चूक कसली. गावाचं डोकं फिरलं होतं. लंडनमधलं सरकार विल्फच्या पक्षाचं, आणि त्या सरकारनं गेल्या दोन वर्षांत लोकांना असं काही पिळून काढलं होतं की लोकांनी नाव बघितलंच नाही. पक्ष बघितला आणि दुसऱ्या बाजूला फुली मारली. साऱ्या देशात तेच चाललं होतं. विल्फ आपला निवांत. मला काय प्रचार करायचाय, सगळे ओळखतात, असं म्हणून तो त्या महिन्यात पत्रकंसुद्धा न वाटता बायकांच्या कचऱ्याच्या पेट्या बघत फिरत होता.

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती, मोजणारे बँकेतले आणि कौन्सिलमधले लोक गठ्ठे बांधत होते, उमेदवार छातीवर रंगीत फितीची फुलं लावून मांजरासारखे टेबलांभोवती फिरत होते. ॲव्हरिल आत शिरली ती एप्रन कोटाखाली तसाच ठेवून. अंगाला रश्श्याचा वास. विल्फ पाठीमागे हात बांधून उभा होता. तो तिच्याकडे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, घाबरू नको, मोजणीत काहीतरी घोळ आहे, मी फेरमोजणी मागितली आहे. म्हणजे बघा, धीर तोच देत होता. फेरमोजणी झाली. एकोणीस मतांनी ॲव्हरिल टॉमलिन.

निवडणूक अधिकाऱ्यानं सगळ्यांना मंचावर ओळीनं उभं केलं आणि नावं वाचली. आणि इथं एक गोष्ट झाली, ती ॲव्हरिलनं आजवर कुणाला सांगितलेली नाही. आपलं नाव आणि पुढं "निवडून आल्याचं जाहीर करतो" हे शब्द ऐकले तेव्हा तिला आनंद झाला. विल्फ शेजारी उभा असताना, त्याचं कोपर तिच्या कोपराला लागत असताना, तिला आत कुठंतरी लख्ख आनंद झाला. क्षणभरच. पण झाला. पुढच्या क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

विल्फनं रिवाजाप्रमाणे तिचा हात हातात घेतला. मग तिला माइककडे हलकेच ढकललं. "बोल दोन शब्द. निवडणूक अधिकाऱ्यांचे आभार मान, मोजणाऱ्यांचे मान, दारावरच्या पोलिसांचे मान. नाहीतर वाईट दिसतं." तिनं त्यानं सांगितलेल्या क्रमानं सगळ्यांचे आभार मानले. विल्फचे मानायचे राहून गेले. टाळ्या पडल्या तेव्हा तिच्या ते लक्षात आलं आणि तेव्हा उशीर झाला होता.

रविवारी तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. तरी तिनं मांस आणलं, बटाटे सोलले. एकच्या ठोक्याला बेल वाजली. रूबार्बची जुडी हातात, टोपी काखेत, दाढी नीट केलेली. पण माणूस दोन दिवसांत खचला होता. गळ्याभोवतीची कॉलर मोठी झाल्यासारखी वाटत होती. जेवता जेवता तो सवयीनं म्हणाला, उद्या त्या बागेच्या फाटकाचं बघायला हवं, आणि मग थांबला, आणि सुरी-काटा खाली ठेवला. ॲव्हरिलला राहवेना.

"विल्फ, मला ही भानगड नको. मी राजीनामा देते, तुम्ही परत उभे राहा."

विल्फनं तिला सांगितलं की राजीनाम्याचीही गरज नाही. निवडून आलेल्यानं दोन महिन्यांच्या आत कौन्सिलच्या कचेरीत जाऊन पद स्वीकारल्याची सही करायची असते. ती सही केली नाही की जागा आपोआप रिकामी होते आणि नवी निवडणूक लागते. तिनं काहीही करायचं नाही. कुठं जायचं नाही, कुणाला लिहायचं नाही. नुसतं घरी बसायचं.

"मग मी घरी बसते," ती म्हणाली. "वचन."

हे ऐकून त्याचा चेहरा कसा उजळला म्हणता. त्यानं ताट पुढं केलं आणि आणखी बटाटे मागितले. जाताना दारात म्हणाला, या खेपेला मात्र पत्रकं काढीन, दारोदार जाईन, मला धडा मिळाला. तो शीळ घालत गेला. ॲव्हरिलनं भांडी घासताना स्वतःला बजावलं की झालं, एवढंच होतं, सुटले.

पण लोकांना काय माहीत यांचा रविवारचा करार? लोकांनी पेपरात नाव वाचलं होतं. सोमवारी शाळेच्या फाटकाशी एक आजोबा उभे. त्यांना बसच्या थांब्यावर बाकडं हवं होतं. मंगळवारी दुकानात एक बाई. आणि बुधवारी, वाटाणे निवडता निवडता, दानुता. दानुता राहायची नदीकाठच्या खालच्या गल्लीत, कौन्सिलच्या जुन्या घरांत. तिच्या घरात भिंतीला ओल, ओलीवर काळी बुरशी, आणि तिची लेक हिवाळाभर खोकत होती. ॲव्हरिल म्हणाली, विल्फला सांगितलं नव्हतंस का? दानुता म्हणाली, तीन वर्षं सांगते आहे. तो बिचारा प्रत्येक वेळी म्हणतो, सोमवारी फोन करतो. भला माणूस आहे, पण आमच्या गल्लीत तो हल्ली उतरतच नाही. उतार आहे ना.

ॲव्हरिल संध्याकाळी तिच्या घरी गेली. बघितलं. पलंगामागची भिंत हातानं खरवडली तर नखात काळं भरलं. घरी येऊन तिनं हात दोनदा धुतले.

आता इथं कुणी म्हणेल, बाई पोरीच्या खोकल्यासाठी विरघळली, मोठं मन. खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. बसथांब्यावरचे आजोबा तिच्याशी बोलताना टोपी काढून बोलले होते. दुकानातल्या बाईनं रांगेतला आपला नंबर तिला दिला होता. त्या आठवड्यात ॲव्हरिल शाळेत जाताना ताठ चालायला लागली होती, हे तिला स्वतःलाही जाणवलं होतं. हे गोड लागत होतं. लाज वाटत होती आणि गोड लागत होतं, दोन्ही एकदम. रात्री कूस बदलताना ती स्वतःशी म्हणायची की मी दानुतासाठी करते आहे, आणि आतून कोणीतरी म्हणायचं, हो का?

पुढल्या गुरुवारी शाळा सुटल्यावर ती कौन्सिलच्या कचेरीत गेली. गेली ती फक्त विचारायला, हे तिनं वाटभर घोकलं. घरांच्या ओलीचं कुणाशी बोलायचं? खिडकीतली मुलगी फार अदबीनं म्हणाली, तुमच्या बोलण्यावर अधिकारी उद्याच माणूस पाठवतील, पण आधी तुमची ती सही राहिली आहे मॅडम. साहेब आतच आहेत. दोन मिनिटांचं काम. मॅडम! ॲव्हरिलला मॅडम कोण म्हणतं? साहेबांनी खुर्ची दिली, कागद पुढं सरकवला. पहिली सही तिनं कॉलिनपुढं न समजता केली होती. ही सही तिनं सगळं समजून केली. पेन हातात घेतल्यावर डोळ्यांपुढं विल्फचं पुढं केलेलं ताट आलं. आलं, आणि तरीही तिनं सही केली.

त्या रविवारी विल्फ पत्रकाचा नमुना घेऊन आला. वर त्याचा जुना फोटो, टक्कल पडायच्या आधीचा. "कसा दिसतो?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, छान. तोंडातून दुसरं काही निघेना. आता सांगते, मांस कापून झालं की सांगते, रस्सा वाढून झाला की सांगते. रस्सा झाला, पुडिंग झालं, चहा झाला. तो गेला. कौन्सिलमधून आलेली कागदांची जाडजूड पाकिटं तिनं तो यायच्या आधी चादरींच्या कपाटात सरकवली होती, पाप लपवावं तशी. पापच ते.

दुसऱ्या रविवारीही तेच. तो खिडकीबाहेर बघत जेवला. तिनं त्याला न मागता दुसऱ्यांदा बटाटे वाढले. तिसऱ्या रविवारी तर तिनं नेहमीपेक्षा मोठं मांस आणलं, वर ॲपल पाय केला. त्यानं विचारलं, "ॲव्हरिल, काही सांगायचंय का तुला?" आणि ती म्हणाली, "छे, काय सांगायचंय? आणखी घ्या ना." असं म्हणताना तिच्या हातून रस्सा टेबलक्लॉथवर सांडला. विल्फनं आपल्या रुमालानं तो टिपून घेतला.

इकडे दानुताच्या भिंतीला माणसं लागली. प्लास्टर खरवडलं, पाइप बदलले, सगळी गल्लीच हाती घेतली. गल्लीतल्या बायका ॲव्हरिलला बघून रस्ता ओलांडून यायच्या, हात धरायच्या. ती हसायची आणि घाईनं पुढं निघायची. विल्फ खालच्या गल्लीत उतरत नाही, हे तिच्या पथ्यावर पडत होतं, आणि असा विचार आपल्या डोक्यात येतोच कसा, म्हणून ती स्वतःवरच चिडायची. चिडून उपयोग काय. सांगायचं तर राहतच होतं.

मग शनिवार आला. नव्या नगरसेविकेनं वाचनालयात बसायचं होतं. दारावर तिच्या नावाचा कागद चिकटवला होता, आणि तो चिकटवलेला बघून तिनं ठरवलं होतं की आज इथून सरळ विल्फकडे जायचं आणि सांगून टाकायचं. कोपऱ्यातलं तेच टेबल, तीच डगमगणारी खुर्ची. चार माणसं होऊन गेली. पाचव्या माणसानं टोपी काढली आणि समोर बसला. विल्फ.

रांगेतली कुजबुज थांबली. तो शांत होता. त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि कुणालाही बोलावं तसं बोलायला सुरुवात केली की आमच्या गल्लीच्या टोकाचा दिवा बंद आहे, म्हाताऱ्या माणसांना पायरी दिसत नाही.

"विल्फ," ती म्हणाली, "मी सही केली."

"माहीत आहे."

"मी सांगणार होते. आज..."

"मला त्याच दिवशी कळलं," विल्फ म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "त्या कचेरीतल्या सगळ्या पोरी मला ओळखतात. त्यानंतर तीन रविवार मी तुझ्याकडे आलो. म्हटलं, ही सांगेल. सांगितलं असतंस तर मी म्हणणार होतो, कर बाई, तू बरं करतेयस, मी थकलोय. खालच्या गल्लीचं मला कळत नव्हतं असं नाही. मी ते पत्रक त्याच आठवड्यात छापखान्यातून परत आणलं होतं, तुला दाखवलं ते उगाच, तुझ्या तोंडून काही निघतंय का बघायला. आणि तू मला बटाटे वाढत राहिलीस."

ॲव्हरिलला रडू फुटलं. ती उठून टेबलाच्या बाजूनं त्याच्याकडे यायला लागली, माफी मागायला. त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

"माफी घरी येऊन माग. इथं लोक थांबलेत. दिव्याचं लिहून घे."

ती बसली. डोळे पुसले आणि लिहून घेतलं. खांब कुठला, कधीपासून बंद, सगळं विचारलं, कारण ते विचारायला लागतं. त्यानं सगळं नीट सांगितलं, कसं सांगायचं असतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग तो उठला, खुर्ची आत सरकवली आणि बाहेर गेला. पुढची बाई बसली आणि कुत्र्यांच्या घाणीबद्दल बोलू लागली.

त्या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. ॲव्हरिल टॉमलिन चांगली नगरसेविका आहे, असं तिचे विरोधकही म्हणतात. खालच्या गल्लीत तिला देवमाणूस मानतात, आणि कुणी तसं म्हणालं की ती घाईघाईनं विषय बदलते. रविवारी ती आता मांस भाजत नाही. टोस्टवर बीन्स घालते आणि उभ्या उभ्याच खाते. विल्फ रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावतो आणि तिला टॉमलिनबाई म्हणतो, पूर्वी नुसतं ॲव्हरिल म्हणायचा.

माफी मागायला ती निघते. पुष्कळदा निघते, एकदा तर ॲपल पाय घेऊन निघाली होती. त्याच्या गल्लीच्या टोकाचा दिवा तिनं त्याच आठवड्यात लावून घेतला होता. त्याच्या उजेडात विल्फचं फाटक लांबून दिसतं, स्वयंपाकघराच्या खिडकीत एकटा बसून जेवत असलेला विल्फही दिसतो. ती तिथवर जाते, थोडा वेळ उभी राहते आणि परत येते.